पेट्रोलची बचत हा या हिशेबातला सगळ्यात छोटा आकडा

प्रश्न : मी नाशिकमध्ये भूलतज्ज्ञ आहे, वय ४५. रोज तीन-चार हॉस्पिटलं, रात्रीचे कॉल, महिन्यातून एकदा आई-बाबांकडे डोंबिवलीला, असं वर्षाला १२ हजार किलोमीटर फिरणं होतं. होंडा सिटी नऊ वर्षांची झाली. दोन कोटेशनं घेतली आहेत : टोयोटा कॅमरी हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर), ऑन-रोड ५६ लाख, आणि बीएमडब्ल्यू एम३४०आय, ऑन-रोड ८५ लाख. घरात सगळे म्हणतात, ॲव्हरेज बघ आणि हायब्रिड घे. मी बाबांच्या येझदीवर गाडी चालवायला शिकले, वेगाची आवड तेव्हापासूनची. एफडी ५० लाख, म्युच्युअल फंड १ कोटी २० लाख, गृहकर्ज १८ लाख बाकी. महिन्याला पावणेदोन लाख शिल्लक राहतात, त्यातले १ लाख १० हजार एसआयपीत जातात. मुलगी नववीत आहे, तिला मेडिकलला जायचंय. काय करू?

उत्तर :

डॉक्टर, तुमच्या घरच्यांचा निष्कर्ष मला पटतो, पण त्यांचं कारण पटत नाही. आणि कारण चुकीचं असलं की दोन वर्षांनी निर्णयाची रुखरुख लागते. म्हणून आधी ॲव्हरेजचा प्रश्न निकाली काढू.

कॅमरीचा कंपनीचा दावा लिटरला २५.४९ किलोमीटरचा आहे. तो चाचणीतला आकडा. हिशेबासाठी मी १७ धरतो आणि एम३४०आयला साडेआठ. तिच्यात तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आहे, शहरात यापेक्षा जास्त धरणं धाडसाचं होईल. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर एकीला वर्षाला साधारण ७४ हजार लागतील आणि दुसरीला १ लाख ४८ हजार. म्हणजे फरक ७४ हजारांचा, पाच वर्षांत ३ लाख ७० हजार. ८५ लाखांच्या गाडीचा विचार करणारा माणूस एवढ्यासाठी मन मारत नाही आणि मारूही नये.

खरा फरक घसाऱ्यात, म्हणजे वर्षागणिक उतरणाऱ्या किमतीत आहे. विमा कंपन्या गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, ठरवताना चार ते पाच वर्षांच्या गाडीवर ५० टक्के घसारा धरतात. तोही शोरूमच्या किमतीवर. रोड टॅक्स आणि विम्यात गेलेले पैसे विकताना परत येत नाहीत. पाच वर्षांनी कॅमरीचे २८ लाख आणि बीएमडब्ल्यूचे ३८ लाख आले असं समजू. हा माझा अंदाज आहे, बाजार त्याला बांधलेला नाही. पण तो धरून कॅमरीत २८ लाख जातात आणि बीएमडब्ल्यूत ४७. फरक १९ लाख.

त्यात विमा आणि सर्व्हिसिंगचा जास्तीचा खर्च घाला. महिन्याला ११ हजार धरला तरी पाच वर्षांत साडेसहा लाखांवर जातो. वॉरंटी संपल्यावरचं एखादं मोठं काम यात धरलेलं नाही. नाशिकमध्ये २०२७च्या सिंहस्थासाठी ठिकठिकाणी रस्ते खणलेले आहेत आणि खाली बसणाऱ्या गाडीचे रुंद, पातळ कडेचे टायर खड्ड्यात लवकर फुटतात. शोरूममध्ये एका टायरची आणि एका अलॉयची किंमत लेखी मागा.

आता कर्ज. एफडीतले १० लाख अडीअडचणीसाठी ठेवाच. तुमचं उत्पन्न रोजच्या कामावर चालतं. हाताला दुखापत झाली तर त्या महिन्याचा पगार कुणी देत नाही. उरलेले ४० लाख आणि जुन्या सिटीचे ४ लाख धरले, तर कॅमरीला १२ लाखांचं कर्ज लागेल आणि बीएमडब्ल्यूला ४१ लाखांचं. व्याज ९ टक्के धरतो. १२ लाख तीन वर्षांत फेडले तर हप्ता ३८ हजार, एकूण व्याज पावणेदोन लाख. ४१ लाख पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता ८५ हजार आणि व्याज १० लाख.

सगळं मिळून पाच वर्षांत दोन गाड्यांमधला फरक साडेसदतीस लाखांच्या आसपास येतो. त्यात पेट्रोल जेमतेम दहावा हिस्सा. कॅमरी स्वस्त पडते ती मुळात २९ लाखांनी कमी किमतीची आहे म्हणून.

हायब्रिडचं श्रेय मात्र नाकारायचं नाही. तुमचं बरंचसं ड्रायव्हिंग सिग्नल ते सिग्नल असं आहे. ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत जाते आणि कमी वेगात बऱ्याचदा इंजिन बंदच असतं, त्यामुळे हे तंत्र सगळ्यात जास्त शहरातच कामाला येतं. समृद्धीवर इगतपुरीहून आमण्यापर्यंत एकसारख्या वेगाने गेलात तर हा फायदा बराच कमी होईल. बॅटरीची धास्ती बाळगू नका. टोयोटा तिच्यावर आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देते. पण हायब्रिड म्हणून सरकार फार काही देतं, हा समज काढून टाका. २२ सप्टेंबर २०२५पासून या दोन्ही गाड्या ४० टक्के जीएसटीत आहेत. त्याआधी मोठ्या हायब्रिडवर ४३ आणि मोठ्या पेट्रोल सेदानवर ४८ टक्के होता, म्हणजे होता तोही फरक गेला. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १३ टक्के, हायब्रिडलाही तोच. थर्ड पार्टी विम्यात साडेसात टक्के सवलत आहे, पण २०२२च्या दरपत्रकात १५०० सीसीवरच्या गाडीचा तो हप्ताच ७,८९७ रुपये होता. वर्षाला सहाशे रुपयेही वाचत नाहीत.

आणि केवळ हायब्रिडच हवी असेल तर ऑन-रोड पंचवीस लाखांच्या आत होंडा सिटीचीच हायब्रिड मिळते. कॅमरी घेताना वरचे तीस लाख जागा, शांतता आणि आरामासाठी आहेत. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या माणसाला तो आराम हवासा वाटणं अगदी रास्त आहे. फक्त त्याला बचत म्हणू नका.

‘गाडी प्रॅक्टिसमध्ये दाखव, टॅक्स वाचेल,’ हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं असणारच. तुम्ही जमेच्या ५० टक्के नफा दाखवण्याची अनुमानित योजना, म्हणजे सगळे जिला ४४एडीए म्हणतात ती, वापरत असाल तर घसारा आणि कर्जाचं व्याज त्या ५० टक्क्यांत आधीच धरलेलं असतं, वेगळं काही मिळत नाही. हिशेबाच्या वह्या ठेवून रिटर्न भरत असाल तर १५ टक्के घसारा मिळतो, तोही प्रॅक्टिससाठी वापर असेल तेवढाच. कंपनीच्या नावावर घेतली तर रोड टॅक्स थेट २० टक्के. बीएमडब्ल्यूच्या साधारण बहात्तर लाखांच्या शोरूम किमतीवर ते वरचे सात टक्के म्हणजे पाच लाख जास्त. कोटेशनमधला १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने तुमच्या नावावर आगाऊ घेतलेला आयकर, मात्र तुमचाच आहे, रिटर्नमध्ये वळता करून घ्यायला विसरू नका.

माझ्या लेखी निर्णय ठरतो तो नववीतल्या मुलीमुळे. बारावीनंतरची नीट चार वर्षांच्या आत आहे. सरकारी कॉलेजची जागा मिळाली तर उत्तम, पण आपण तयारी खासगी कॉलेजच्या फीची ठेवायची. एसआयपी गेल्यावर तुमच्याकडे ६५ हजार मोकळे राहतात. बीएमडब्ल्यूचा हप्ता ८५ हजार, वर कॅमरीच्या तुलनेत चालवण्याचा जास्तीचा खर्च १७ हजार. महिन्याला ३७ हजार कमी पडतील आणि ते एसआयपीतूनच येतील, कारण दुसरीकडून यायला जागा नाही. कॅमरीचा हप्ता त्या ६५ हजारांत बसतो आणि मुलगी बारावीला पोचेपर्यंत संपतोही.

म्हणून आत्ता कॅमरी घ्या. ५६ लाख जड वाटत असतील तर छोटी हायब्रिड. ती एफडीतूनच येईल, कर्जच लागणार नाही.

वेगाची आवड मी बाजूला टाकत नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या कमाईतून एक गोष्ट निव्वळ आनंदासाठी घ्यावीशी वाटणं यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. फक्त रात्री दोन वाजता सिझेरियनच्या कॉलला नेणारी गाडी आणि आनंदाची गाडी एकच असावी का, हे बघा. गाडीचं कर्ज संपलं की तोच ३८ हजारांचा हप्ता वेगळ्या खात्यात सुरू ठेवा. मुलीची ॲडमिशन झाली, फीची सोय झाली, की तीन-चार वर्षं वापरलेली एम३४०आय शोधा. सगळ्यात मोठा घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असेल आणि गाडी शून्यावरून शंभरला तेव्हाही साधारण साडेचार सेकंदांतच जाईल. घेताना कंपनीच्या वर्कशॉपची पूर्ण सर्व्हिस हिस्ट्री आणि वाढीव वॉरंटी असेल तरच घ्या, आणि एक रुपयाही कर्ज काढू नका.

तोवर कॅमरी बुक करण्याआधी ती रात्री घरापासून हॉस्पिटलपर्यंत स्वतः चालवून बघा, आणि तुमच्या नेहमीच्या पार्किंगमध्ये लावूनही बघा. जवळपास पाच मीटर लांबीची गाडी आहे.