दहाचं पाकीट, वीसचं पाकीट

मुलीने फोनवरच बजावलं होतं, "ताई, बाबांना फक्त फुप्फुसाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी सीटी स्कॅनला तयार करा." काका समोर बसले आणि म्हणाले, "आणि सापडलं तर? झोपलेल्या सापाला कशाला डिवचायचं?" वय 61, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त, 36 वर्षं सिगारेट.

आधी हिशेब मांडला. अमेरिकेत वय 50 ते 80, किमान 20 'पॅक-इयर' (रोजची पाकिटं गुणिले वर्षं) आणि सिगारेट चालू किंवा सोडून 15 वर्षं न झालेली, अशांना दरवर्षी किरणांच्या कमी मात्रेचा सीटी सुचवतात. "रोज एक पाकीट, म्हणजे 36," काका म्हणाले. पण तो हिशेब वीसच्या पाकिटाचा, काकांचं दहाचं. म्हणजे 18. "सुटलो की!" तेवढ्यात मुलीने 20 वर्षांच्या रात्रपाळीतलं दुसरं पाकीट काढलं. झाले 28. (समुपदेशनाच्या पहिल्या बैठकीत खरा आकडा मला क्वचितच मिळतो.)

भीती खोटी नव्हती, म्हणून आकडे लपवले नाहीत. अमेरिकेतल्या 53,000 लोकांवरच्या अभ्यासात (2011) छातीच्या एक्स-रेपेक्षा सीटी गटात फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्के कमी झाले. म्हणजे साधारण 320 जण तपासले तेव्हा एक वाचला. पण तीन वर्षांच्या तीन स्कॅनमध्ये शंभरातल्या 39 जणांना कधी ना कधी 'काहीतरी दिसतंय' असं ऐकावं लागलं, आणि त्यातलं बहुतेक कॅन्सर नव्हतं. त्यात आपल्याकडे टीबीचे जुने व्रण, तेही स्कॅनमध्ये ठिपक्यासारखे दिसतात. काकांनाही तरुणपणी टीबी झालेला.

ठिपका निघालाच. 4 मिलिमीटरचा. डॉक्टरांनी सुई वगैरे काही न घालता वर्षाने पुन्हा बोलावलं. मुलगी तीन दिवस झोपली नाही. काका मात्र खुशीत. "पासिंग झालं ताई, आता गाडी पळवायला हरकत नाही."

इथे मी कमी पडले होते. वाईट रिपोर्टची तयारी करून घेतली, बऱ्या रिपोर्टची नाही. म्हटलं, "काका, पासिंगवाला गाडी बघतो, दुरुस्त करत नाही. आणि या स्कॅनला काही दिसलं नाही म्हणून सिगारेटने येणारा हार्ट अटॅक थांबत नाही."

ते काही बोलले नाहीत. पुढच्या खेपेला तक्रार घेऊनच आले: सिगारेट सोडायला घेतलेला निकोटिनचा गम कवळीला चिकटतो. डॉक्टरांना विचारून निकोटिनच्याच चोखायच्या गोळ्या सुरू केल्या.