शिरेतली गाठ आणि खेकड्याचे पाय

प्रश्न असा: मूत्रपिंडाच्या कर्करोगात ‘ट्यूमर थ्रॉम्बस’ हृदयापर्यंत पोचला, तर मराठीत ‘हृदयात गुठळी झाली’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. हे इतक्यांदा वाचलंय की आता चीड येते. गुठळी म्हटलं की ऐकणारा रक्त गोठलं असंच समजणार आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर भरवसा ठेवणार. त्या गोळ्यांनी ही विरत नाही, कारण शिरेत असते ती कर्करोगाची गाठच. मूत्रपिंडाच्या शिरेतून अधोमहाशिरेत (शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर) आणि तिथून क्वचित हृदयाच्या उजव्या कर्णिकेत, म्हणजे वरच्या कप्प्यात, ती सलग वाढत जाते. ‘हृदयाचा कर्करोग’ हा त्याहून मोठा घोटाळा. गाठ सुटून दुसरीकडे रुजलेली नाही. कर्करोग किती पसरला हे ठरवणाऱ्या टीएनएम वर्गीकरणातही एवढ्यावरून ‘दूर पसरला’ असं धरत नाहीत. शस्त्रक्रियेने मूत्रपिंडासकट ती काढता येते. ‘शिरेत वाढलेली गाठ’ म्हणा, संपलं.

खरी मजा ‘कर्क’मध्ये आहे. ग्रीक ‘कार्किनोस’ म्हणजे खेकडा. रोगाला हे नाव का? दुसऱ्या शतकातला वैद्य गेलेन सांगतो, स्तनाच्या गाठीच्या दोन्ही बाजूंना फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात. म्हणजे नावाच्या मुळाशी शिराच आहेत! सातव्या शतकात एजिनाच्या पॉल या ग्रीक वैद्याने हे नोंदवलं आणि जोडीला दुसरं मतही दिलं: खेकडा धरलेलं सोडत नाही, तसाच हा रोग. लोक नेमकं हेच दुसरं मत उचलतात. मला ते अजिबात पटत नाही. नाव पडतं डोळ्यांना दिसतं त्यावरून. स्वभावाच्या गोष्टी मागाहून रचल्या जातात. पॉलने दोन्ही मतं शेजारी ठेवून उगाच गोंधळ वाढवला.

मूत्रपिंडाच्या या गाठीतही कधी कधी शिराच आधी बोलतात. अधोमहाशिरा तुंबली की दोन्ही पाय सुजतात, पोटाच्या कातडीखालच्या शिरा फुगून वर दिसतात. डाव्या वृषणाची शीर डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते, म्हणून एखाद्या पुरुषात पहिली खूण अंडकोशात दिसते: फुगलेल्या शिरा आडवं झाल्यावरही ओसरत नाहीत. कुणाला लघवीतून रक्त नाही, पाठीत दुखणं नाही. नुसती धाप लागते किंवा भोवळ येते. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) उजव्या कर्णिकेत गोळा दिसतो, तो मिक्सोमा, म्हणजे हृदयातच उगवलेली साधी गाठ, वाटतो आणि पोटाचा स्कॅन केल्यावर मूत्रपिंडातली गाठ सापडते.

आणि ‘कर्करोग’ सुश्रुतसंहितेत शोधत बसू नका. तो पाश्चात्त्य नावावरून अलीकडे घडवलेला शब्द आहे. तिथे ‘अर्बुद’ आहे: गोल, स्थिर, मंद दुखणारं, सावकाश वाढणारं, न पिकणारं आणि ‘अनल्पमूल’, म्हणजे खोल मुळांचं. शास्त्रीय लेखात ‘शिरांतर्गत अर्बुद’ लिहा. तिथेही गुठळी नको.