पिवळ्या पडद्यावरचं विष

गेल्या अंकात मी या पानावर विचारलं होतं, की तुम्ही कुठल्या जुन्या कॉम्प्युटर गेममध्ये अडकला होतात आणि ते अजून मनात सलतं का. १९९१ ते १९९८ मी नागपुरात शंकरनगरजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये प्रॅक्टिकल घ्यायचे, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. पत्रं बरीच आली. त्यातली पाच घेते.

प्रश्न : ताई, १९९३ साली दहावीच्या सुट्टीत मी कॉम्प्युटर क्लास लावला होता. क्लास सुटला की सर अर्धा तास ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळू द्यायचे. तिसऱ्या लेव्हलच्या पुढे मी कधी गेलोच नाही. बाटली प्यायलो की कधी जीव वाढायचा, कधी कमी व्हायचा, काही अंदाजच यायचा नाही. दुसऱ्या बॅचची पोरं राजकन्येपर्यंत पोचली असं ऐकायचो. माझा हातच बसत नव्हता का? – एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : भाऊ, आधी मला सांगा, तुमच्या क्लासचा मॉनिटर रंगीत होता का? बहुतेक नसणार. आमच्याकडेही तीन मशिनींपैकी दोघांना तो तांबूस-पिवळा एकरंगी मॉनिटर होता. त्या पडद्यावर लहान बाटली दिसायची, तिच्या तोंडाशी बुडबुडे हलायचे आणि सगळे बुडबुडे पिवळे. पोरं आपापले आडाखे बांधायची. कोणी म्हणायचं डावीकडची बाटली चांगली, कोणी म्हणायचं आधी बसून मग प्यायची.

१९९४ मध्ये रामदासपेठेत एका डॉक्टरांच्या घरी नवा कॉम्प्युटर आला आणि त्यांच्या मुलाला शिकवायला मी गेले. रंगीत व्हीजीए मॉनिटर. मुलाने प्रिन्स लावला, बाटलीजवळ गेला आणि म्हणाला, ‘‘ही नको, ही निळी आहे.’’ मी खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेले. एका बाटलीचे बुडबुडे लाल, दुसरीचे निळे. लाल म्हणजे औषध, निळं म्हणजे विष. बाटलीचा आकार तोच, जागा तशीच, फरक फक्त रंगाचा. तीन वर्षं आमची पोरं त्या पिवळ्या पडद्यासमोर विष पीत होती आणि ‘माझं नशीबच खराब’ म्हणत होती. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये सांगितलं, तेव्हा एक मुलगा म्हणाला, ‘‘म्हणजे मॅडम, आपण उगाच मरून राहिलो होतो?’’ हो, उगाचच.

दुसरी गोष्ट वेळेची. राजकन्येला सोडवायला राजपुत्राच्या हातात साठ मिनिटं असतात. मेलात तर लेव्हल पुन्हा सुरू होते, पण घड्याळ मागे जात नाही. लेव्हल बारा. तुमचे सर द्यायचे अर्धा तास. शिकाऊ हाताला अर्ध्या तासात बारा लेव्हल पार करणं अशक्यच होतं. तिसऱ्या लेव्हलपासून पुढे कंट्रोल आणि जी दाबून खेळ जपून ठेवता येतो, म्हणजे उद्याच्या अर्ध्या तासात तिथूनच पुढे जाता येतं. राजकन्येपर्यंत पोचलेल्या बॅचला हे बहुधा कोणीतरी सांगितलं असावं. हे छापलं होतं गेमच्या पुस्तिकेत, आणि पुस्तिका आपल्याकडे आलीच नाही. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर गेम उतरत नागपूरला पोचला, कागद मागेच राहिला.

त्या पुस्तिकेवर तर एक अख्खी खोली बेतलेली होती. पहिली लेव्हल संपली की अक्षरं लिहिलेल्या बाटल्यांची खोली लागायची आणि पडद्यावर यायचं : पुस्तिकेच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतला अमुक शब्द बघा, त्याच्या पहिल्या अक्षराची बाटली प्या. चोरून कॉपी केलेला गेम चालू नये म्हणून केलेली ही सोय. काही फ्लॉप्यांमध्ये ती आधीच कोणी काढून टाकलेली असायची, आमच्या फ्लॉपीत ती होती. मग आमच्या संध्याकाळच्या बॅचने एक शंभर पानी वही केली. पान, ओळ, शब्द, आणि पुढे बरोबर निघालेलं अक्षर. प्रत्येक अक्षरामागे कितीदा तरी विष प्यायलेलं. दोन पानं भरल्यावर खोली बिनधोक पार होऊ लागली. ज्या पुस्तिकेचं मुखपृष्ठही त्यांनी पाहिलं नव्हतं, तिची किल्ली त्या पोरांनी मरून मरून तयार केली. कोणाच्या घरी ती वही राहिली असेल, तर मला ती एकदा हातात घ्यायची आहे.

हे सगळं बाजूला काढलं की उरतो तो गेम अवघड आहे, पण खरा आहे. जॉर्डन मेकनर याने तो ॲपल-टू या मशीनसाठी लिहिला, १९८९ मध्ये तो बाजारात आला. त्याने धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, कठड्याला लोंबकळायला लावलं, त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि एकेक चित्र त्यावरून उतरवलं. राजपुत्र माणसासारखा धावतो तो त्यामुळे. आणि माणसासारखा धावतो म्हणूनच तो लगेच थांबत नाही, दोन पावलं पुढे घसरतो आणि खाली खिळ्यांवर पडतो. यासाठी शिफ्टचं बटण. शिफ्ट धरून बाण दाबला की तो एकच पाऊल जपून टाकतो, कडेला आला की थांबतो. उडी मारून पलीकडचा कठडा पकडायचा तोही शिफ्ट धरूनच. हे एकदा बोटात बसलं की मेल्यावर आपण कुठे चुकलो ते प्रत्येक वेळी कळतं. मला या गेमचा आदर वाटतो तो यासाठी.

आरशातून निघालेला तो काळा जुळा तुम्हाला भेटलाच नसणार, चौथ्या लेव्हलपर्यंत पोचायला हवं. ॲपल-टूच्या मेमरीत नव्या पात्राच्या चित्रांना जागाच उरली नव्हती, म्हणून मेकनरने राजपुत्राचीच चित्रं वापरून ही सावली बनवली. शेवटच्या लेव्हलला ती तलवार काढून समोर उभी राहते. तिला मारलं की आपलाच जीव कमी होतो. तिथे तलवार म्यान करायची. तीही करते, आणि दोघं एकमेकांत मिसळून जातात. आता घरी खेळायला बसा, भाऊ. मॉनिटर रंगीत आहे.

प्रश्न : १९८६ च्या सुमारास आमच्या ऑफिसातल्या टर्मिनलवर ‘ॲडव्हेंचर’ नावाचा नुसत्या शब्दांचा खेळ होता. त्यात एक चक्रव्यूह होता, सगळ्या वाटा सारख्या. जेवणाच्या सुट्टीत महिनाभर फिरलो, बाहेर निघता आलं नाही. त्यात काही युक्ती होती का? – निवृत्त इंजिनिअर, महाल

उत्तर : होती काका, आणि सुरेख होती. ‘वळणावळणाच्या अरुंद वाटांच्या चक्रव्यूहात तुम्ही आहात, सगळ्या वाटा सारख्याच’ हे वाक्य प्रत्येक खोलीत तसंच्या तसं यायचं, म्हणून आपण एकाच जागी आहोत असं वाटायचं. पण खोल्या वेगळ्या होत्या. आपल्याकडच्या वस्तू एकेक करून टाकत जायच्या. या खोलीत दिवा सोडून काहीही, पुढच्या खोलीत किल्ल्या, त्याच्या पुढच्यात अन्न. परत आलात की ‘इथे किल्ल्या पडल्या आहेत’ असं दिसतं आणि खोलीला ओळख मिळते. मग कागद-पेन्सिल घ्यायची आणि उत्तरेला गेलो तर किल्ल्या, पूर्वेला गेलो तर अन्न असा नकाशा काढायचा. तुम्ही महालातले, गल्ल्या ध्यानात ठेवायचा तुम्हाला सराव. इथे मात्र कोपऱ्यावर ना पानठेला ना देऊळ, ती खूण आपणच ठेवायची.

हा खेळ लिहिणारा विल क्राउदर खरोखरचा गुहा धुंडाळणारा माणूस. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात मॅमथ केव्ह म्हणून प्रचंड गुहा आहेत, त्यांच्या मोजणीत आणि नकाशांत तो असायचा. घटस्फोट झाल्यावर मुलींना आपल्याबरोबर काहीतरी खेळता यावं म्हणून १९७५-७६ मध्ये त्याने हा खेळ रचला. १९७७ मध्ये डॉन वुड्स याने तो वाढवला. पुढे ज्या गेम्सना सगळे ‘ॲडव्हेंचर गेम’ म्हणू लागले, त्या जातीला नाव याच खेळाने दिलं. तुम्ही जेवणाच्या सुट्टीत ज्यात फिरत होतात, ते त्या घराण्याचं मूळपीठ होतं.

या खेळात काय करायचं ते इंग्रजीत टाइप करायचं. एक पक्षी पिंजऱ्यात पकडायचा असतो, तिथेही बरेच जण अडायचे. हातात काळी छडी असली की पक्षी घाबरतो, पिंजऱ्यात येत नाही. छडी खाली ठेवली की येतो. आमच्याकडे मराठी माध्यमातून आलेल्या मुली ‘पकडणे’ याला इंग्रजीत अजून कुठला शब्द असेल, म्हणून शब्दकोश उघडून बसायच्या. शब्द बरोबर होता; हातातली छडी नको होती.

प्रश्न : आमच्या क्लासमध्ये फ्लॉपी आणायला सक्त बंदी होती. गेमची फ्लॉपी दिसली की सर जप्त करायचे. एवढा राग कशाचा? – एक वाचक, नंदनवन

उत्तर : व्हायरसचा. १९९० मध्ये भारतात ‘जोशी’ नावाचा व्हायरस सापडला. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या भागात, दडून तो पसरायचा आणि ५ जानेवारीला मशीन अडवून ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप करायला सांगायचा. टाइप केल्याशिवाय काम पुढे जायचं नाही. पोरांचे गेम ज्या फ्लॉप्यांवरून यायचे, त्याच वाटेने असले व्हायरस यायचे. सरांवरचा राग सोडा.

प्रश्न : जुना डॉसचा एक गेम नव्या लॅपटॉपवर चालवला, तर सुरू होताच संपतो! इतका वेगात पळतो की बटण दाबेपर्यंत मेलो. – विद्यार्थी, हिंगणा रोड

उत्तर : पहिल्या आयबीएम पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्‌झ. त्या काळच्या कित्येक गेम्समध्ये वेळ मोजायला घड्याळ वापरलेलंच नव्हतं. अमुक हजारपर्यंत आकडे मोज आणि मग पुढचं चित्र काढ, एवढंच. मशीन वेगवान झालं की मोजणी चुटकीसरशी संपते आणि गेम सुसाट सुटतो. म्हणूनच आमच्या एटी, म्हणजे त्यानंतरच्या वेगवान पीसीच्या डब्यावर ‘टर्बो’चं बटण असायचं, ते बंद केलं की मशीन हळू व्हायचं आणि जुने गेम खेळता यायचे. तू डॉसबॉक्स घे, नव्या मशीनवर जुने डॉसचे गेम चालवणारा प्रोग्राम. त्यात कंट्रोल-एफ११ ने वेग कमी होतो, कंट्रोल-एफ१२ ने वाढतो.

आणि जमलं तर ‘गोरिला’ शोध. १९९१ च्या एमएस-डॉस ५ सोबत क्यूबेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला तो यायचा. दोन गोरिले इमारतींच्या गच्चीवरून एकमेकांवर केळी फेकतात. कोन आणि वेग आपण आकड्यांत द्यायचा. केळं सूर्याला लागलं की सूर्य तोंडाचा चंबू करतो. त्याचा प्रोग्राम उघडून वाचता यायचा आणि सुरुवातीलाच लिहिलेलं असायचं की गेम फार हळू किंवा फार जलद वाटला तर ‘स्पीडकॉन्स्ट’ पुढचा ५०० हा आकडा बदला. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा प्रोग्रामला हात लावला तो तिथे. ५०० चे ५० केले, एफ५ दाबलं आणि केळं सावकाश जाताना पाहिलं. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं, त्यासाठी मी ती नोकरी सात वर्षं केली.

प्रश्न : १९९५ च्या उन्हाळ्यात सिव्हिल लाइन्सला मामाकडे ‘किंग्ज क्वेस्ट फाइव्ह’ खेळत होते. कूलर लावून दुपारभर मी आणि मामेभाऊ. एका सराईच्या तळघरात आम्हाला बांधून टाकलं आणि तिथून सुटताच येईना. सगळं करून पाहिलं. सुट्टी संपली, मामेभाऊ पुढच्या वर्षी शिकायला बाहेर गेला. ते तळघर अजून डोळ्यांसमोर येतं. आमचं काय राहून गेलं होतं? – एक वाचक, मानेवाडा

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तळघरात तुमची काहीच चूक झाली नव्हती. चूक, तिला चूक म्हणायचंच तर, त्याच्या कितीतरी आधी गावात झाली होती. बेकरीसमोर एक मांजर उंदरामागे धावते. काही क्षणांचं दृश्य. तेवढ्यात मांजरीला काहीतरी फेकून मारायचं असतं, म्हणजे उंदीर वाचतो. पुढे तळघरात तोच उंदीर येऊन दोर कुरतडतो. उंदीर मेला असेल तर तुम्ही तिथे कायमच्या बांधलेल्या. आणि गेम हे सांगत नाही. तुम्हाला चालू देतो, खेळ जपून ठेवू देतो, दिवसच्या दिवस घालवू देतो.

रॉबर्टा विल्यम्स यांच्या या मालिकेने १९८४ पासून ॲडव्हेंचर गेमला चालता-फिरता नायक दिला; त्यांचं मोठेपण मला पूर्ण मान्य आहे. पण हे मला पटत नाही, तेव्हाही पटलं नव्हतं. मरण परवडलं, कारण मेल्यावर निदान कळतं. पहिल्या भागात एका बुटक्याचं नाव ओळखायचं होतं, ते वर्णमाला उलटी मांडून लिहायचं! सुचणार कोणाला? रॉन गिल्बर्ट या दुसऱ्या गेमकाराने १९८९ मध्ये याच गोष्टींवर खरमरीत लेख लिहिला आणि पुढच्याच वर्षी ‘मंकी आयलंड’ काढून दाखवला, त्यात खेळणारा असा बिनसुटकेचा अडकत नाही.

मामेभावाशी अजून बोलणं असेल तर एका रविवारी दोघं बसा. आधी वाळवंटात जा, तिथे सांगाड्यापाशी एक जुना बूट पडलेला असतो, तो उचला. मग गावात या. बेकरीपाशी पोचण्याआधी खेळ जपून ठेवा आणि माउसवर हात ठेवूनच पुढे जा. मांजर एकदाच धावते.