मुलगी आठवीत गेली, गावात शाळा सातवीपर्यंतच. तालुक्याच्या जिल्हा परिषद हायस्कूलला जायला एसटी पास फुकट मिळतो का?

हो, मिळतो. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना घर ते शाळा एसटीचा पास पूर्ण मोफत आहे. मुलांना मात्र तिकिटाचा साधारण एक तृतीयांश भाग भरावा लागतो. मी हायस्कूलच्या पालकांचे अर्ज भरून देतो, त्यावरून सांगतो: मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं बोनाफाईड, आधारची झेरॉक्स आणि फोटो तयार ठेवा. 2024 पासून एसटी महामंडळ पास शाळेतच देऊ लागलं आहे, म्हणून आगारात जाण्याआधी कारकुनाला विचारा. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते. त्याच आठवड्यात नाव द्या.

तालुका मानव विकास कार्यक्रमात (मागास तालुक्यांसाठीची राज्य सरकारची योजना) असेल तर मुलींसाठीची निळी बसही असते. शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर सायकलीसाठीही विचारा.

पण पास मिळाला म्हणजे बस मिळाली असं नाही. फाट्यावर भरलेली गाडी थांबत नाही, पोरी पावसात ताटकळतात आणि पहिला तास बुडतो. हेच खरं दुखणं आहे. त्यासाठी एकट्याने भांडू नका. ग्रामपंचायतीचा ठराव आणि मुख्याध्यापकांचं पत्र जोडून, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा लिहून आगार व्यवस्थापकांना द्या. पोच घ्यायला विसरू नका.