अमेरिकेच्या कर्जमर्यादेच्या वादात जास्त ढोंगी कोण, रिपब्लिकन की डेमोक्रॅट?

कर्जमर्यादा म्हणजे सरकारने एकूण किती कर्ज उचलावं याची कायद्याने घातलेली कमाल रक्कम. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की सत्तेत असताना दोन्ही पक्ष मुकाट मर्यादा वाढवतात, विरोधात बसले की देश बुडाला म्हणून ओरडतात, म्हणजे दोघं एकाच माळेचे मणी. निम्मं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यावर माझा ठाम आक्षेप आहे.

ढोंगाचे दाखले हवे तेवढे मिळतील. मार्च २००६ मध्ये, बुश यांच्या काळात, मर्यादा जवळपास ९ लाख कोटी डॉलरवर नेणारं विधेयक सेनेटमध्ये ५२ विरुद्ध ४८ असं निघालं. डेमोक्रॅट झाडून सगळे विरोधात, त्यात सेनेटर ओबामाही. पाच वर्षांनी अध्यक्ष ओबामा काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे, तीच वाढ मागत होते, आणि २००६ चं आपलं मत चुकलं होतं हे त्यांनी मान्यही केलं. दुसरीकडे ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत मर्यादा तीनदा स्थगित झाली, कर्ज सुमारे ७.८ लाख कोटींनी वाढलं, आणि रिपब्लिकनांनी काही मोठा संघर्ष केला नाही. बायडन आले, २०२३ मध्ये हाउस, म्हणजे संसदेचं कनिष्ठ सभागृह, हाती आलं, आणि त्याच पक्षाने तूट हा देशाच्या अस्तित्वाचा प्रश्न केला. जुलै २०२५ मध्ये एकाच विधेयकात ५ लाख कोटींची वाढ करून मर्यादा ४१.१ लाख कोटींवर नेली तीही त्यांनीच, आणि त्या विधेयकाच्या विरोधात एकजात मतदान केलं डेमोक्रॅटांनी. रिपब्लिकन सेनेटर रँड पॉल यांच्यासारखे, स्वतःच्या पक्षाचा अध्यक्ष असतानाही विरोधात मत देणारे, फार थोडे. त्यांची मतं मला पटत नाहीत, पण त्यांच्यावर ढोंगाचा आरोप करता येणार नाही.

आता २०२३ कडे नीट बघा, कारण सगळी गोम तिथे आहे.

१९ जानेवारीला कर्ज ३१.४ लाख कोटींच्या मर्यादेला भिडलं. त्या दिवशी काहीच कोसळत नाही. ट्रेझरी, म्हणजे अमेरिकेचं अर्थखातं, ‘असाधारण उपाय’ सुरू करते: केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या बचत योजनेतल्या जी फंडातली गुंतवणूक थांबवायची, निवृत्तिवेतन निधीत नवे रोखे टाकायचे नाहीत, राज्यांना आणि स्थानिक संस्थांना दिले जाणारे खास रोखे बंद करायचे. हे अंतर्गत रोखेही मर्यादेत मोजले जातात, म्हणून ते कमी केले की तेवढंच नवं कर्ज बाजारातून उचलता येतं. मर्यादा उठली की या निधींची रक्कम व्याजासकट भरून द्यावी लागते, त्यामुळे पेन्शनीला धक्का लागत नाही. हे उपाय संपतात आणि तिजोरीतली रोकडही संपते, तो दिवस म्हणजे ‘एक्स-डेट’.

ती तारीख अशी अधांतरी का असते? कारण करांचा पैसा झुंडीने येतो. एप्रिलच्या मध्याला एकदा, १५ जूनला तिमाही आगाऊ कराचा, आणि ३० जूनला आणखी काही असाधारण उपाय मोकळे होतात. एप्रिलची वसुली कमी पडली, आणि १५ जूनपर्यंत तग धरता येईल का हाच प्रश्न उरला. तेव्हाच्या अर्थमंत्री येलन यांनी आधी १ जून सांगितली, मग ५ जून. जूनच्या सुरुवातीला रोकड २५ अब्ज डॉलरच्या खाली गेली होती. त्या आठवड्यात मुदत संपणाऱ्या ट्रेझरी बिलांचा, म्हणजे सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांचा, परतावा ७ टक्क्यांवर गेला.

‘व्याज आधी द्या, बाकीचं नंतर’ हा सल्ला तेव्हाही जोरात होता. रोख्यांचं व्याज-मुद्दल फेडवायर या मध्यवर्ती बँकेच्या वेगळ्या यंत्रणेतून जातं, म्हणून तेवढं जमेलही. पण पेन्शन, सैनिकांचे पगार, रुग्णालयांची बिलं अशी कोट्यवधी देणी बिल आलं की चुकती होतात. त्यांतली निवडून थांबवायला ना यंत्रणा आहे ना कायदा.

एवढं संकट उभं करून पदरात काय पडलं? मर्यादा स्थगित करणाऱ्या ३ जूनच्या कायद्यात आणि त्यासोबतच्या समझोत्यात दोन वर्षांसाठी ऐच्छिक खर्चावर (जो दरवर्षी नव्याने मंजूर करावा लागतो) लगाम, करखात्याला दिलेल्या ८० अब्जांतून सुमारे २० अब्ज परत, माउंटन व्हॅली या गॅस पाइपलाइनला मंजुरी, आणि अन्नसाहाय्यासाठी कामाची अट ४९ ऐवजी ५४ वयापर्यंत. त्याच कलमात बेघर आणि माजी सैनिकांना सूट दिल्याने अन्नसाहाय्याचा खर्च उलट थोडा वाढेल, असा काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज निघाला. हाउसमध्ये ३१४ विरुद्ध ११७ मतं पडली आणि बाजूने मत देणाऱ्यांत डेमोक्रॅट जास्त होते. दोन महिन्यांत फिच या मानांकन संस्थेने अमेरिकेचं पतमानांकन उतरवलं. २०११ मध्ये स्टँडर्ड अँड पुअर्सनेही हेच केलं होतं, आणि त्या वर्षीच्या ताणाताणीमुळे सरकारचा व्याजखर्च सुमारे १.३ अब्जांनी वाढला होता.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. विधेयक मंजूर होणारच आहे हे माहीत असताना निषेधाचं मत देणं हे ढोंग आहे. मत रोखून धरून, बुडीत जाण्याची धमकी देऊन अटी मान्य करून घेणं ही वेगळी गोष्ट आहे आणि जास्त घातक आहे. २०११ आणि २०२३ मध्ये हे रिपब्लिकन हाउसने केलं. तूट हेच खरं दुखणं असतं तर २०१७ ची करकपात झाली नसती. तिने दहाएक वर्षांत तूट १.९ लाख कोटींनी वाढेल असा त्याच कार्यालयाचा अंदाज होता.

भाषणांपेक्षा हाउसच्या नियमावलीत हा फरक लख्ख दिसतो. गेपहार्ट नियम नावाची १९७९ मध्ये आलेली तरतूद होती: अर्थसंकल्पी ठराव मंजूर झाला की कर्जमर्यादेचं विधेयक हाउसपुरतं आपोआप मंजूर व्हायचं. रिपब्लिकनांनी ती २०११ मध्ये काढली, डेमोक्रॅटांनी २०१९ मध्ये परत आणली, रिपब्लिकनांनी २०२३ मध्ये पुन्हा काढली.

‘घरातसुद्धा ऐपतीबाहेर खर्च करत नाहीत’ असं म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे, तो इथे पुरा करतो. कर्जमर्यादेने नवा खर्च एका डॉलरनेही थांबत नाही. खर्च मंजूर करणारे आणि कर ठरवणारे कायदे वेगळे, ते आधीच झालेले असतात. काटकसर करायचीय ना, मग ती तिथे करा. मंजूर केलेल्या बिलाचे पैसे द्यायला नाही म्हणणाऱ्याला मी काटकसरी म्हणणार नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. तूट कमी करण्यासाठीचा १९८५ चा ग्रॅम-रडमन कायदा कर्जमर्यादेच्या विधेयकाला जोडूनच आला, आणि २०११ च्या सौद्याने ऐच्छिक खर्च काही वर्षं खरोखर आवरला. म्हणजे या हत्याराने कधीच काही साधलं नाही असं नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये डेमोक्रॅट नेत्यांनीही मुद्दाम तीनच महिन्यांची मुदत घेतली, म्हणजे डिसेंबरात पुन्हा सौदा करता यावा. आणि २०२२ च्या अखेरीस दोन्ही सभागृहं हाती असताना रिकन्सिलिएशन या खास अर्थसंकल्पी प्रक्रियेने, साध्या बहुमताने, हा प्रश्न निकालात काढता आला असता. त्यांनी तो काढला नाही. ट्रम्प यांनी डिसेंबर २०२४ मध्ये मर्यादाच रद्द करा म्हटलं, ते मला पटतं; पण मर्यादा दोन वर्षं स्थगित करणारं विधेयक पाडायला त्यांच्याच पक्षातल्या ३८ हाउस सदस्यांनी हातभार लावला.

पुढच्या वेळी कर्ज ४१.१ लाख कोटींना भिडेल तेव्हा हाउस कोणाकडे आहे ते आधी बघा. मग नुसतं विरोधात मत दिलंय की मताच्या बदल्यात काही मागितलंय, ते तपासा. आणि मागणी ज्यांनी केली, त्यांनी आधीच्या अध्यक्षाच्या वेळी तीच केली होती का, ते मतांच्या नोंदीत शोधा. या नोंदी दोन्ही सभागृहांच्या संकेतस्थळांवर नावानिशी मोफत मिळतात.