वाचकांचे प्रश्न : जिल्ह्याची आकडेवारी येते कुठून?

प्रश्न : वाडा तालुक्यातील आमच्या शाळेच्या प्रकल्पासाठी पालघर जिल्ह्यातील भाताचे उत्पादन शोधताना एकाच वर्षाचे दोन वेगळे आकडे मिळाले. शिवाय २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत जिल्ह्याचे नावच सापडले नाही. हे आकडे कोण गोळा करते आणि आम्ही कोणता ग्राह्य धरावा? – एक शिक्षिका, पालघर जिल्हा

उत्तर : जनगणनेचे कोडे सोपे आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे २०११ च्या तक्त्यांत त्याची माणसे ठाणे जिल्ह्याच्या १ कोटी १० लाखांत मोजलेली आहेत. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा या आठ तालुक्यांची बेरीज केली की सुमारे २९ लाख ९० हजार हा आकडा मिळतो. २०२१ ची जनगणना झाली नाही आणि पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे, म्हणून तूर्त हाच आधार आहे.

भाताचे तसे नाही. जिल्ह्यातले सगळे भात कोणीही तोलत नाही. लागवडीचे क्षेत्र आणि हेक्टरी सरासरी उत्पादन यांचा गुणाकार केला जातो. क्षेत्र येते ते गाव नमुना बारामधून, म्हणजे सातबाऱ्यातल्या पिकांच्या नोंदींतून. पूर्वी ही पीकपाहणी तलाठी करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतः मोबाइलवर छायाचित्रासह नोंद करू लागला. हेक्टरी उत्पादन मात्र पीक कापणी प्रयोगातून ठरते. त्यासाठी गावे, त्यांतली शेते आणि शेतातली नेमकी जागासुद्धा यादृच्छिक पद्धतीने निवडतात, म्हणजे चांगले पीक पाहून जागा निवडण्याची मुभा कोणालाच राहत नाही. मग ठरावीक मापाचा चौकोन आखून त्यातले पीक कापतात, झोडतात आणि तोलतात. महसूल, कृषी आणि ग्रामविकास या तिन्ही विभागांचे गावपातळीवरचे कर्मचारी हे काम वाटून घेतात.

माझ्या मते साऱ्या साखळीतला हा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत नाजूक दुवा आहे. कापणीच्या ऐन घाईत, परतीचा पाऊस डोक्यावर असताना शेतकरी थांबू शकत नाही, आणि कर्मचारी ठरल्या दिवशी त्या खाचरात पोहोचला नाही तर हुकलेले ते वजन नंतर कार्यालयात बसून कोणालाही मिळवता येत नाही. पीक विम्याची भरपाई ठरवतानाही हेच प्रयोग वापरले जात असल्याने त्यातल्या चुकीची झळ थेट शेतकऱ्याला बसते.

हे सगळे प्रयोग पूर्ण होण्याआधीच शासनाला धोरणासाठी आकडे लागतात, म्हणून आधी अग्रिम अंदाज प्रसिद्ध होतात आणि अंतिम अंदाज मागाहून येतो. आपल्याला मिळालेले दोन आकडे बहुधा या दोन टप्प्यांवरचे असावेत. तक्त्याखालची तळटीप पाहिल्यास ते कळेल. काही ठिकाणी उत्पादन भाताचे आहे की भरडून निघालेल्या तांदळाचे, यानेही फरक पडतो. प्रकल्पासाठी अंतिम अंदाज घ्यावा आणि आकड्याशेजारी प्रकाशनाचे नाव व वर्ष लिहावे.

जिल्ह्याच्या दरडोई उत्पन्नाचा आकडा वापरणार असाल तर अधिक जपून वापरा. तो बराचसा राज्याचे अंदाज निर्देशकांच्या आधारे जिल्ह्यांत वाटून काढलेला असतो.

ही माहिती एकत्र करण्याचे काम राज्याच्या नियोजन विभागाखालील अर्थ व सांख्यिकी संचालनालय करते. राज्याचे चित्र ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ या वार्षिक प्रकाशनात मिळते, तर आपल्या कामाचे तालुकावार तक्ते ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ या पुस्तिकेत असतात. ती संचालनालयाच्या संकेतस्थळावर किंवा जिल्हा सांख्यिकी कार्यालयात पाहावी. आणि येत्या हंगामात आपल्या गावात पीक कापणी प्रयोग असेल, तर कृषी सहायकांना आधी विचारून मुलांना त्या दिवशी बांधावर अवश्य न्यावे.