परिपाठात प्रार्थना सांगायला नकार देणारा मुलगा

ख्रिस्ती शाळांमध्ये नोकरी करणारे आणि शाळेच्याच आवारात राहणारे पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात एकच काळजी असते. लहानपणी आवडीने गीते म्हणणारा, शास्त्रपाठ तोंडपाठ करणारा मुलगा आठवी-नववीत गेल्यावर प्रार्थनेला टाळाटाळ करू लागतो, उपासनेला मागच्या बाकावर जाऊन बसतो, तरुण संघाकडे फिरकत नाही. पालकांना वाटते की मूल देवापासून दूर चालले आहे आणि त्याला आपणच कुठेतरी कमी पडलो. या काळजीला उत्तर म्हणून मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका कुटुंबाचा अनुभव लिहीत आहे. त्या कुटुंबाची आणि मुलाची परवानगी मी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि मुलाला आपण आशिष म्हणणार आहोत.

आशिषचे वडील अनुदानित ख्रिस्ती शाळेत गणित शिकवतात, तर आई त्याच शाळेच्या प्राथमिक विभागात आहे. शाळा, वसतिगृह, चर्च आणि शिक्षकांची घरे एकाच कुंपणात आहेत. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचे काम अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) शहरात १८३१ साली सुरू झाले तेव्हापासून जिल्ह्यात अशी अनेक आवारे उभी राहिली आणि त्यांत वाढलेल्या कुटुंबांच्या तीन-चार पिढ्या झाल्या. अशा आवारात मुलाला सुरक्षितपणा भरपूर मिळतो, मात्र एकांत फारसा मिळत नाही. दहा वाजता जे ‘सर’ असतात तेच रात्री आठ वाजता ‘पप्पा’ असतात, आणि मुलाने सकाळी काय केले हे तो घरी पोहोचण्याआधीच घरात पोहोचलेले असते.

पाचवीपासून आशिष दर सोमवारी परिपाठात प्रार्थना सांगत असे. त्याचा आवाज स्वच्छ होता, शब्द नेमके होते, आणि बाहेरून पाहुणे आले की मुख्याध्यापक त्यालाच पुढे करत. नववीच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सोमवारी त्याने माइकपाशी जायला सरळ नकार दिला. पुढच्या सोमवारी त्याने पोटदुखीचे कारण सांगितले. मग घरच्या रात्रीच्या प्रार्थनेतही तो अभ्यासाचे निमित्त करून खोलीतच थांबू लागला. आईबाबा माझ्याकडे आले ते आगमनकाळात, नाताळच्या कार्यक्रमाची तयारी ऐन भरात असताना. आईच्या बोलण्यात दुःख होते. वडिलांच्या बोलण्यात दुःखाइतकीच लाजही होती, कारण शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी त्यांना ऐकवले होते, “सर, तुमच्याच मुलाने असे केले तर बाकीच्यांना आम्ही काय सांगायचे?”

मूल असे अचानक मागे सरकते तेव्हा श्रद्धेचा प्रश्न हाती घेण्याआधी मी त्याच्या प्रकृतीची चौकशी करते. झोप, भूक, अभ्यास, खेळ, मित्र, मोबाइलवर जाणारा वेळ या सगळ्यांबद्दल मी आईवडिलांना विचारले आणि नंतर आशिषलाही स्वतंत्रपणे विचारले. स्वतःला इजा करण्याचे विचार मनात येतात का, हेही मी त्याला थेट विचारले. असा प्रश्न विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. आशिषची झोप आणि भूक ठीक होती, फुटबॉल रोज चालू होता, गुण घसरले नव्हते आणि मित्रांशी बोलणेही थांबले नव्हते. मूल सगळ्याच गोष्टींतून मागे सरकत असते, आवडत्या खेळातही त्याचे मन लागत नसते किंवा जगण्याचाच कंटाळा आल्याचे ते बोलत असते, तर मी वेगळी पावले उचलली असती. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणे किंवा निदान ‘टेली मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोलणे लांबणीवर टाकू नये. आशिष मात्र केवळ एकाच गोष्टीपासून दूर गेला होता, आणि म्हणून शोधही त्याच गोष्टीपाशी घ्यायला हवा होता.

पहिल्या भेटीत मी त्याला सांगितले की तो जे बोलेल ते त्याच्या परवानगीशिवाय आईवडिलांना कळणार नाही, मात्र त्याच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, अथवा त्याच्यावर कोणी अत्याचार करत असेल, तर मला गप्प राहता येणार नाही. त्यावर त्याने मला उलट विचारले, “आणि मुख्याध्यापकांना?” देवाविषयी शंका आलेल्या मुलाला मुख्याध्यापकांची काळजी वाटण्याचे कारण नसते, त्यामुळे हा प्रश्न मी लक्षात ठेवला. तो स्वतःहून बोलू लागेपर्यंत मी देव, चर्च किंवा प्रार्थना यांतला एकही शब्द काढला नाही. नंतर एका भेटीत तो म्हणाला, “प्रार्थना खोलीत जाऊन, दार लावून करावी असे येशूनेच सांगितले आहे ना? मग आम्ही ती माइकवरून का करतो?” मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायाचा आधार घेऊन वाद घालणारा मुलगा त्या ग्रंथापासून दूर गेला आहे, असे म्हणणे मला तरी कठीण वाटते.

मग खरी हकीकत कळली. दिवाळीनंतर त्याच्या वर्गात पाथर्डी तालुक्यातला एक मुलगा आला होता. त्याचे आईवडील ऊसतोडीला गेले होते आणि हंगाम संपेपर्यंत तो वसतिगृहात राहणार होता. तो ख्रिस्ती कुटुंबातला नव्हता आणि असा परिपाठ त्याने कधी पाहिला नव्हता. प्रार्थनेच्या वेळी तो डोळे उघडे ठेवून इकडेतिकडे पाहत असे. शिस्त सांभाळणाऱ्या शिक्षकांनी त्याला रांगेतून काढून व्हरांड्यात उभे केले, आणि हे एकदाच झाले नाही. वसतिगृहातील संध्याकाळच्या प्रार्थनेतही तेच घडू लागले. दोघांची मैत्री फुटबॉलमुळे झाली होती. एके दिवशी त्या मुलाने आशिषला अगदी सहज विचारले, “तू बोलायला लागलास की मला उभे करतात. तू नक्की काय सांगतोस?” आशिषकडे याचे उत्तर नव्हते. पुढच्या सोमवारी तो माइकपाशी गेला नाही.

घरी हे का सांगितले नाही, असे मी विचारले. त्याचे म्हणणे असे की उभे करणारे शिक्षक पप्पांचे मित्र होते, घरी त्यांचे जाणेयेणे होते आणि पप्पा त्यांच्याविरुद्ध बोलणार नाहीत याची त्याला खात्री होती. त्याहून वाईट म्हणजे, पप्पांनाही ते योग्यच वाटले तर काय, अशी भीती त्याला होती. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलासाठी ही दुसरी भीती फार मोठी असते. नकार दिल्याने वडील रागावले तरी चालेल, पण वडिलांविषयीचा आदर गमावण्याची वेळ येऊ नये, म्हणून तो गप्प होता.

जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली किशोरवयीन ओळखीच्या ज्या अवस्था मांडल्या, त्यांत एक अवस्था अशी आहे की घरातून मिळालेली मूल्ये मूल कोणताही प्रश्न न विचारता आपली म्हणून स्वीकारते. बाहेरून पाहणाऱ्याला असे मूल अतिशय स्थिर वाटते, आणि ख्रिस्ती शाळेत, खरे तर कोणत्याही धर्माच्या संस्थेत, त्याचे कौतुकच होते. प्रश्न विचारणारे मूल त्यामानाने अस्वस्थ दिसते, परंतु तीच मूल्ये स्वतःची होण्याचा रस्ता बहुधा याच अस्वस्थतेतून जातो. माझे मत असे आहे की आपल्या शाळांत सर्वात कमी विचारपूस होते ती शिक्षकांच्या आणि पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, मुलांची. त्यांची श्रद्धा सर्वांनी गृहीत धरलेली असते, त्यामुळे तिच्याविषयी त्यांच्याशी कोणी बोलतच नाही.

आशिषच्या संमतीने मी आईवडिलांना एवढेच सांगितले की कारण शाळेत घडलेल्या एका प्रसंगात आहे आणि तो स्वतः ते सांगेल. त्यांनी मध्ये काही न बोलता ऐकावे. त्याचबरोबर काही काळ त्याला “तुझा विश्वास आहे की नाही?” असा प्रश्न विचारू नये, असेही सुचवले. या प्रश्नाला मुलाकडे दोनच उत्तरे असतात आणि दोन्ही उत्तरांनी संभाषण संपते. त्याऐवजी “परिपाठात तुला काय खटकते?” असे विचारले तर बोलण्यासारखे काहीतरी हाती लागते. पाळकसाहेबांकडून त्याला समज द्यावी ही वडिलांची कल्पना मी त्यांना सोडून द्यायला लावली. पाळकाला मुलाच्या घरी पोलिसासारखे पाठवले की मुलाला विश्वासाने बोलण्याची जी एक जागा उरलेली असते, तीही जाते.

आशिषने सगळे सांगितले तेव्हा वडील बराच वेळ काही बोलले नाहीत, असे आईने मला नंतर सांगितले. रोज त्याच मैदानावर उभे असूनही त्यांना व्हरांड्यातला मुलगा कधी दिसला नव्हता. पुढच्या शिक्षकसभेत त्यांनी हा विषय काढला. मुख्याध्यापकांचे पहिले उत्तर अपेक्षितच होते, की हा धर्माचा प्रश्न नसून शिस्तीचा आहे. ते दुष्ट गृहस्थ नव्हेत. उलट, आपल्या शाळेवर धर्मांतराचा आरोप येऊ नये म्हणून ते कायम धास्तावलेले असत आणि त्या धास्तीपोटीच हा विषय कागदावर आणायला तयार नव्हते. महाराष्ट्रात ही धास्ती जुनी आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावर १८९३ साली असाच आरोप झाला, अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या आणि रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही बाजूला झाले. मात्र मला असे वाटते की अशा आरोपाला उत्तर हवे असेल, तर शाळेने गप्प बसण्यापेक्षा पालकांची संमती मोकळेपणाने विचारलेली अधिक बरी.

राज्यघटनेची तरतूदही तशीच आहे. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापून चालवण्याचा हक्क देतो. अनुच्छेद २८ चा तिसरा खंड सांगतो की राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याचे अनुदान घेणाऱ्या संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षण घेण्याची किंवा धार्मिक उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. संस्थेला जोडलेल्या जागेतील उपासनेलाही हे लागू आहे, म्हणून वसतिगृहाची संध्याकाळही त्यात येते. गंमत अशी की सभेत हा मुद्दा पाळकसाहेबांनी सर्वांत ठामपणे मांडला. जबरदस्तीने मिटलेल्या डोळ्यांचा देवाला काय उपयोग, असे ते म्हणाले.

संमती घेण्याचे ठरले, तरी ती मिळवणे सोपे नव्हते. ऊसतोडीला गेलेले पालक गावोगावच्या फडांवर होते आणि काहींना अर्ज वाचताही येत नव्हता. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी मुकादमांच्या मोबाइलवरून एकेका पालकाशी बोलणे केले आणि नोंद ठेवली. आशिषच्या मित्राचे वडील म्हणाले, “बसू द्या की त्याला, आमची ना नाही. पण उभे करू नका.” बहुतेकांची उत्तरे अशीच होती. काही पालकांनी मात्र नको म्हटले. त्यांच्या मुलांना त्या वेळेत वाचनखोलीत अभ्यासाला बसवण्याची सोय झाली, आणि ती खोली शिक्षा वाटू नये म्हणून तिथे एक शिक्षक हजर राहू लागले. परिपाठातील प्रार्थना राहिली. डोळे उघडे ठेवणे हा गुन्हा राहिला नाही आणि प्रार्थना कोणी सांगायची हे नेमून न देता मुलांनी स्वतः नाव द्यायचे असे ठरले. ज्या शिक्षकांनी मुलाला उभे केले होते त्यांना हे पटायला वेळ लागला, आणि ते पूर्णपणे पटले आहे असे मी आजही म्हणणार नाही.

आता आशिषच्या घरी सगळे पूर्ववत झाले असेल, अशी वाचकांची अपेक्षा असणार. आईचीही तीच अपेक्षा होती. अन्याय दूर झाला म्हणजे मुलगा पुन्हा माइकवर दिसेल, असे तिला वाटत होते, आणि नाताळच्या कार्यक्रमात त्याने नाव दिले नाही तेव्हा ती माझ्यासमोर रडली. पण मधल्या काळात आशिषच्या मनात आणखी प्रश्न उभे राहिले होते आणि ते त्या व्हरांड्यापुरते नव्हते. पाळकसाहेबांनी ते प्रश्न सोडवण्याची घाई केली नाही. त्यांनी त्याला बायबलमधले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचायला दिले, ज्यात प्रार्थना करणाऱ्याची तक्रार शेवटपर्यंत मिटत नाही. असे काही पवित्र शास्त्रात असते, हे पाच वर्षे प्रार्थना सांगणाऱ्या आशिषला माहीतच नव्हते.

आईला मी एवढेच सुचवले की घरच्या प्रार्थनेत त्याची जागा ठेवावी, पण हजेरी घेऊ नये. काही रात्री तो येऊन बसतो, काही रात्री येत नाही. नाताळात वसतिगृहातील ऊसतोड कामगारांच्या मुलांना घरी जाता येणार नव्हते, तेव्हा आकाशकंदील, येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा आणि जेवणाची पंगत यांचे काम त्याने आणि त्याच्या मित्राने अंगावर घेतले. शाळेच्या जीवनातून तो बाहेर पडलेला नाही, एवढे त्यावरून आईवडिलांच्या लक्षात आले.

जूनमध्ये तो दहावीत गेला. नव्या वर्षाच्या परिपाठाची आणि गायनवृंदाची यादी करताना मुलाचे नाव घालावे की नाही, हे विचारायला वडिलांनी मला फोन केला. मी म्हटले, सर, हे मला विचारू नका. त्या रात्री त्यांनी यादी आशिषसमोर ठेवली. त्याने प्रार्थनेपुढचे आपले नाव खोडले, तबल्यापुढचे राहू दिले, आणि जेवायला काय आहे म्हणून आईला विचारले.